थारची माती: आधी पाणी कुठे थांबतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: भूगोलाचा पदव्युत्तर प्रबंध लिहायचा आहे, क्षेत्र पश्चिम राजस्थानातलं, जोधपूर आणि बाडमेरच्या मधला पट्टा. हाताशी तीन गोष्टी आहेत. एक जुना मृदा सर्वेक्षण अहवाल, हवामान खात्याची तीस वर्षांची पावसाची आकडेवारी आणि उपग्रहावरून घेतलेला उंचीचा नकाशा. हे तिन्ही एकावर एक ठेवून तिथली 'वाळवंटी माती' नेमकी कोणती, हे कसं ठरवायचं? की 'वालुकामय, कोरडी, नापीक' एवढ्यावर भागेल?

भागणार नाही. 'वालुकामय, कोरडी, नापीक' हे वर्णन त्या पट्ट्यातल्या निदान चार वेगवेगळ्या मातींना लागू पडतं, आणि त्या चारही माती तुम्हाला एकाच गावच्या शिवारात सापडतील. एकीवर बाजरी येते, दुसरीवर फक्त फोगाचं झुडूप तग धरतं, तिसरीवर पाणी महिनोन्‌महिने साचून राहतं, चौथीवर काहीच उगवत नाही. एकच नाव दिलंत तर हा सगळा फरक पुसला जाईल.

मी विदर्भाच्या काळ्या मातीत वाढलो आणि नोकरीची बरीच वर्षं मारवाडात खड्डे खणण्यात घालवली. त्यावरून एक सांगतो. तुमच्याकडच्या तीन प्रकारच्या माहितीला समान वजन देऊ नका. नाव ठरवतो तो खड्डा, म्हणजे मातीचे थर दिसावेत म्हणून खणलेला; जुन्या अहवालातली वर्णनंही अशाच खड्ड्यांची असतात. तो खड्डा किती एकरांच्या वतीने बोलतोय, ते भूरूप, म्हणजे जमिनीची ठेवण, सांगतं. हवामानाचं काम सर्वांत छोटं: दिलेलं नाव शक्य आहे की नाही, एवढंच ते सांगतं. प्रबंधांमध्ये मात्र नेमका उलटा क्रम दिसतो. आधी पावसाचा नकाशा, मग उपग्रहाचं चित्र, आणि शेवटी परिशिष्टात दोन खड्डे.

हवामानापासूनच सुरू करू, म्हणजे ते लवकर आटोपेल. जोधपूरला वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेच्या आसपास. बाष्पीभवनाची मागणी मात्र दीड ते दोन हजार मिलिमीटर. अमेरिकी मृदा वर्गीकरणात (आपल्याकडचे अहवाल तेच वापरतात) 'अ‍ॅरिडिक', म्हणजे रुक्ष, ओलावा-व्यवस्थेची व्याख्या पावसावर बेतलेली नाही, मातीच्या आतल्या ओलाव्यावर बेतलेली आहे. मातीचा एक ठरावीक पट्टा वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस पूर्ण कोरडा असायला हवा, आणि सलग ९० दिवस तरी त्याचा काही भाग ओला राहिला, असं सर्वसाधारण वर्षी घडता कामा नये. व्याख्येत तापमानाच्याही अटी आहेत, ५ आणि ८ अंशांच्या. पण थारमध्ये ५० सेंटिमीटर खोलीवर माती कधीच इतकी गार होत नाही, म्हणून वर्षाचे सगळे दिवस मोजणीत धरायचे. तापमान-व्यवस्थेवरही पानं खर्च करू नका. वार्षिक सरासरी २२ अंशांच्या बरीच वर, उन्हाळा-हिवाळ्यातला फरक ६ अंशांहून जास्त, म्हणजे 'हायपरथर्मिक'. एका ओळीत संपलं.

गोम आहे ती त्या 'ठरावीक पट्ट्यात'. हा पट्टा सगळ्या मातींत एकाच खोलीवर नसतो. बारीक पोताच्या मातीत तो साधारण १० ते ३० सेंटिमीटरवर, भरड पोयट्यात २० ते ६०वर आणि वाळूत ३० ते ९०वर येतो. म्हणजे पाऊस तोच, पण टिब्यावर, म्हणजे वाळूच्या टेकडीवर, ओलावा मोजायची जागा वेगळी आणि शेजारच्या सखल शेतात वेगळी. अनेक विद्यार्थी मासिक पाऊस आणि तापमान एका तयार संगणकीय प्रतिमानात (न्यूहॉलच्या) घालतात आणि जे उत्तर येईल ते उतरवून घेतात. ते प्रतिमान मूळ स्वरूपात माती २०० मिलिमीटर पाणी धरते असं गृहीत धरतं, आणि महिन्याचा निम्मा पाऊस महिन्याच्या मध्यावर एका दमात पडला असं मानतं. टिब्याची वाळू २०० मिलिमीटर कुठून धरणार? हा आकडा बदलता येतो, फक्त बदलायचं कोणाला सुचत नाही. तुमच्या क्षेत्राच्या पूर्वेच्या कडेला, पाली-नागौरच्या बाजूला, पाऊस वाढत जातो तिथे ही चूक महागात पडते. तिथे 'अ‍ॅरिडिक' की त्याहून थोडी ओली 'उस्टिक' हा निवाडा दोन-तीन आठवड्यांच्या ओलाव्यावर लटकलेला असतो.

सरासरीचा दुसरा दोष तुम्हाला माहीत असेलच. या भागात एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षाच्या तिपटीने असू शकतो. ऑगस्ट २००६मध्ये बाडमेर जिल्ह्यात तीन दिवसांत वर्षाच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास पाऊस कोसळला आणि कवास गाव बुडालं. या कवासकडे मी नंतर परत येतो, कारण तिथे पावसाइतकाच दोष जमिनीखालच्या थराचा होता.

आता खड्डा. वाळवंटात मातीची ओळख वरच्या वीतभर थरावरून होत नाही. सगळीकडे वर सारखीच पिवळसर तपकिरी वाळू, सामू ८च्या पुढे, सेंद्रिय कर्ब जेमतेम ०.१ ते ०.३ टक्के. ओळख पटते ती खाली, पावसाचं पाणी जिथे थांबतं तिथे. पाणी मुरताना चुना विरघळवून खाली नेतं, आणि जिथे ते संपतं तिथे चुना टाकून देतं. वर्षानुवर्षं हेच चाललं की आधी वाळूच्या कणांवर पांढरी पुटं आणि तंतू दिसतात, मग खडे तयार होतात, मग खडे एकमेकांना चिकटून थर बुजतो आणि शेवटी त्याच्या डोक्यावर पापुद्र्यांची कडक फरशी बसते. हे चार टप्पे अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात काम करताना मृदाशास्त्रज्ञ लेलंड गाइल आणि सहकाऱ्यांनी १९६६मध्ये मांडले. आजही खड्ड्याच्या भिंतीसमोर उभं राहिलं की त्याहून सोयीची पट्टी हाताशी नसते. चौथा टप्पा दिसला की मी आधी टिकाव खाली ठेवतो आणि पाणी पितो, कारण पुढचा अर्धा मीटर खणायला दुपार जाणार असते.

मी काय बघतो ते क्रमाने सांगतो. टिब्यावर खड्डा सरळ उभा राहत नाही, भिंत ढासळते. आदल्या संध्याकाळी दोन-चार घागरी पाणी ओतून ठेवा आणि सकाळी खणा. निदान दीड मीटर, जमलं तर दोन. प्रत्येक थरातली मूठभर माती ओली करून अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये फीत काढून बघा. हा पोरखेळ वाटतो, पण माती कोणत्या गणात जाणार याचा निम्मा निकाल इथेच लागतो. २५ ते १०० सेंटिमीटरमध्ये सगळीकडे चिखलकण (मातीचे सर्वांत बारीक कण) जवळजवळ नाहीत, फीत बनतच नाही, आणि चुन्याचा किंवा दुसरा ओळखण्याजोगा थर नाही, तर ती एंटिसोल, म्हणजे जिच्यात थर अजून घडलेलेच नाहीत अशी माती. नेमकं नाव 'टॉरिप्सामेंट'. अ‍ॅरिडिसोल, म्हणजे कोरड्या मुलखातल्या थर घडलेल्या मातींचा गण, तो नव्हेच! 'थारची माती म्हणजे अ‍ॅरिडिसोल' हे वाक्य क्रमिक पुस्तकांत इतकं रुजलंय की टिब्याची निव्वळ वाळू त्या गणात बसत नाही, हे ऐकून विद्यार्थी चमकतात. अ‍ॅरिडिसोल व्हायला कोरडेपण पुरत नाही. आत काहीतरी घडलेलं दिसलं पाहिजे.

तेच घडलेलं तुम्हाला दोन टिब्यांच्या मधल्या सपाटीवर सापडेल. वरचे तीस-चाळीस सेंटिमीटर वाळू, त्याखाली किंचित घट्ट, किंचित लालसर, वाळूमिश्रित पोयटा. दाबला तर ढेकूळ अलगद फुटतं, फीत बोटभर तरी येते. हा 'कॅम्बिक' थर. तेवढ्याने माती अ‍ॅरिडिसोलमध्ये गेली, 'हॅप्लोकॅम्बिड' झाली. जोधपूरच्या आसपासची चिराई नावाची मृदा मालिका या जातीची. तुमच्या जुन्या अहवालात बहुधा 'कॅम्बॉर्थिड' किंवा 'कॅल्सिऑर्थिड' असे शब्द असतील. घाबरू नका. १९९४मध्ये अ‍ॅरिडिसोलचं वर्गीकरण नव्याने झालं आणि 'ऑर्थिड' हा उपगणच मोडीत निघाला. पण नुसतं जुनं नाव खोडून नवं लिहू नका. अहवालातलं थरांचं वर्णन वाचून नव्याने निवाडा करा.

आणखी खाली चुनखडीचे खडे लागले, तिकडे लोक त्याला कंकर म्हणतात, तर टेप काढा. चुन्याचा थर १५ सेंटिमीटर जाड आहे का, त्यात चुना १५ टक्क्यांहून जास्त आहे का, आणि त्याचा माथा पृष्ठभागापासून १०० सेंटिमीटरच्या आत आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' आली तर 'हॅप्लोकॅल्सिड'. आता गंमत बघा. समजा कंकराचा माथा ८० सेंटिमीटरवर आहे. दोन-तीन उन्हाळ्यांच्या आंधीने शेतावर तीस सेंटिमीटर वाळू आणून टाकली, माथा गेला ११० सेंटिमीटरवर, आणि माती 'कॅल्सिड'ची 'कॅम्बिड' झाली. नव्या वाळूचा थर ५० सेंटिमीटर झाला तर खालची अख्खी माती 'पुरलेली' ठरते आणि वरच्या वाळूवरून नवं नाव पडतं. खाली काहीही बदललेलं नाही, बाजरीची मुळंही तिथवर पोचतात, तरीही. म्हणून वाळवंटात मी नुसतं नाव कधीच लिहीत नाही. सोबत वरच्या उडत्या वाळूची जाडी आणि कंकराची खोली असे दोन आकडे लिहितो. शेतकऱ्याला त्या नावापेक्षा या दोन आकड्यांचाच उपयोग होतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो. मारवाडातल्या पहिल्याच हिवाळ्यात गिरमिटाने साठ सेंटिमीटर उतरलो, सगळी कोरडी वाळू लागली, आणि एक अख्खी सपाटी टिब्याची वाळू म्हणून रंगवून टाकली. शेजारच्या ढाणीतले (वस्तीतले) एक आजोबा टांका खणत होते. टांका म्हणजे घराजवळची पावसाचं पाणी साठवायची भूमिगत टाकी. ते म्हणाले, साहेब, जरा इकडे बघा. त्यांच्या खड्ड्याच्या भिंतीत साठच्या खाली पोयटा आणि मीटरच्या जरा आत पांढरा कंकर, इतका स्वच्छ, की फोटो काढून वर्गात दाखवावा. त्यानंतर मी नवीन गावात गेलो की आधी विचारतो, टांका किंवा विहीर कोण खणतंय? त्या माणसांना तालुक्यातल्या प्रत्येक शिवाराखालचा थर पाठ असतो.

आजोबांनी दुसरी खूण दाखवली ती खेजडीची. खेजडी म्हणजे आपली शमीच, दसऱ्याची. मारवाडात शेतकरी ती बाजरीच्या शेतात राखून ठेवतात. खेजड्या दाट आणि उंच दिसल्या की खाली ओल धरणारा थर आहे असं समजून खड्डा घ्या. फोग आणि खीप ही झुडपं दिसली की सैल, खोल वाळू. जैसलमेरकडे सेवण गवत. आणि लाणा हे झुडूप दिसलं की मीठ किंवा जिप्सम शोधा. वनस्पती पुरावा नव्हे, पण खड्डा कुठे घ्यायचा हे त्या फुकट सांगतात.

भूरूपाकडे येऊ. जोधपूरची काझरी, म्हणजे केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्था (तिचं मूळ १९५२च्या वाळवंट वनीकरण केंद्रात, आजचं नाव १९५९पासून), हिने लुणी नदीच्या खोऱ्यात माती, भूरूप, पाणी आणि वनस्पती यांचं सर्वेक्षण एकत्र केलं, वेगवेगळ्या विभागांत वाटून नाही. ती रीत अजून उत्तम आहे. तुमच्या क्षेत्राचे आधी तुकडे पाडा: टिब्यांचा माथा, टिब्यांचा पायथा, मधली वालुकामय सपाटी, लुणीच्या बाजूचा जुना गाळ, वाळूने झाकलेला खडकाळ उतार, उघडा मगरा (खडकाळ माळ) आणि खारट रण. मग प्रत्येक तुकड्यात खड्डे. तीसच खड्डे परवडत असतील तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटू नका. टिब्याच्या माथ्यावर दोन पुरेत, तिथे सगळीकडे तेच सापडतं. पायथा आणि सपाटी जिथे भेटतात तिथे आठ-दहा घ्या, कारण माती तिथेच बदलते.

उंचीच्या नकाशावर फार विसंबू नका. तुमच्याकडचा ३० मीटरचा नकाशा बहुधा फेब्रुवारी २०००मधल्या अंतराळयानाच्या अकरा दिवसांच्या रडार मोजणीवरून बनलेला असेल. टिबे त्यात दिसतात. पण सपाटीवरचा मीटर-दीड मीटरचा खोलगटपणा, ज्यात पाणी जमतं आणि चिखलकण बसतात, तो त्या मोजणीच्या चुकीच्या आतच हरवतो. शिवाय गेल्या पंचवीस वर्षांत ट्रॅक्टरने किती टिबे सपाट केले, हे त्यात कुठून येणार? त्यापेक्षा उपग्रहाची दोन चित्रं घ्या, एक मे महिन्याचं, एक सप्टेंबरच्या मध्याचं. मे महिन्यात सगळं सारखं चमकतं. सप्टेंबरमध्ये ओल टिकलेल्या जागा हिरव्या राहतात आणि मातीच्या सीमा आपसूक उमटतात. जगभरचे जे २५० मीटरचे तयार मृदा-नकाशे मिळतात ते अंदाज म्हणून बघायला हरकत नाही, पण त्यांच्यावरून मातीचं नाव ठरवू नका.

आता कवास. त्या गावाखाली जिप्समचा पट्टा आहे. पूर ओसरला तरी पाणी जमिनीत मुरेना, गाव महिनोन्‌महिने पाण्यात राहिलं. वाळवंटात पाणी मुरत नाही हे दिल्ली-मुंबईत कुणाला पटेना! इंदिरा गांधी कालव्याच्या क्षेत्रातही हेच झालं. वर वाळू, म्हणून पाणी सढळ सोडलं, आणि काही मीटर खालच्या कडक थराने ते अडवून वर आणलं. पाणथळ जमिनी झाल्या, मीठ फुटलं. म्हणून तुमच्या क्षेत्रात सखल भाग असेल तर दोन मीटरवर समाधान मानू नका, विहिरींच्या नोंदी मिळवा आणि कडक थराची खोली लिहा.

जिप्समबाबत प्रयोगशाळेची एक खोड लक्षात ठेवा. नमुना नेहमीप्रमाणे १०५ अंशांवर वाळवला तर जिप्समच्या स्फटिकातलं पाणीही उडतं आणि मातीत ओलावा आहे असा खोटा आकडा येतो. प्रयोगशाळेला तो कमी तापमानावर वाळवायला सांगा. क्षारतेचंही तसंच. १:२ पाण्यातली विद्युत वाहकता आणि संपृक्त लगद्याच्या अर्कातली वाहकता यांचं नातं वाळूत वेगळं, चिकणमातीत वेगळं. 'सॅलिक', म्हणजे मिठाचा, थर ठरवायला अर्कातलीच लागते, ३० डेसिसीमेन्स प्रति मीटर किंवा त्याहून वर.

मधेच एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता: हा कंकर आजच्या पावसाने बनवलाय का? बहुधा नाही, निदान सगळा नाही. आज ३०० मिलिमीटर पावसात पाणी वाळूत जिथवर जातं, त्याच्याशी कंकराची खोली आणि जाडी बऱ्याचदा जुळत नाही. राजस्थानातल्याच डीडवाण्याजवळच्या '१६ आर' नावाच्या टिब्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र आणि शरद राजगुरू यांनी काम केलं. सुमारे १८ मीटर खोल छेदात वाळूचे आणि चुनखडीचे थर एकाआड एक, आणि त्यांतच अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं. तो टिबा दीड लाख वर्षांहून जास्त काळ साचत, थांबत, पुन्हा साचत आलाय. वाळू साचायची थांबली आणि पाऊस जरा बरा झाला, की माती बनली, चुना बसला. म्हणून हवामानाची तीस वर्षांची आकडेवारी आणि कंकराचा थर यांचा थेट सहसंबंध काढू नका. आलेख सुबक येईल, पण त्यातली एक बाजू आजची आणि दुसरी हजारो वर्षांपूर्वीची असेल.

पुण्या-साताऱ्याकडचे विद्यार्थी अनेकदा विचारतात, मग आमच्या माण-आटपाडीची माती वाळवंटी का नाही, तिथेही दुष्काळच? पाऊस कमी हे खरं, पण ती बेसाल्टवर जागच्या जागी झिजून बनलेली माती आहे, खाली मुरूम लागतो. थारची माती वाऱ्याने आणि जुन्या नद्यांनी आणून टाकलेली. देशाच्या २० कृषी-परिस्थितिकी विभागांच्या नकाशात (तो नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोचा) पश्चिम राजस्थान दुसऱ्या विभागात येतं, ओलाव्याचा हंगाम ९० दिवसांहून कमी.

'नापीक' हा शब्दही काढून टाका. कोरड्या मुलखात वाळू ही चिकणमातीपेक्षा बरी ठरते. २५ मिलिमीटर पाऊस वाळूत वीतभर खोल उतरतो आणि वरचा थर सुकला की झाकणासारखा राहतो. तोच पाऊस भारी मातीत वरच्यावर राहतो आणि चार दिवसांत उडून जातो. पश्चिमेकडच्या वाळूत बाजरी, मोठ (मटकी) आणि ग्वार पिकतात ते यामुळे.

तुमच्या प्रबंधात एखाद्या तुकड्याचं वर्णन साधारण असं यावं: 'टिब्यांमधली वालुकामय सपाटी, वर ३५ सेंमी उडती वाळू, ३५ ते ९० सेंमी वाळूमिश्रित पोयटा, कॅम्बिक, ९० सेंमीपासून कंकर, दुसरा टप्पा, आकारमानाने १० टक्के, पाण्याची पातळी खोल, खेजडी-बाजरी, सहा खड्ड्यांपैकी पाचांत हेच, सहाव्यात कंकर ७० सेंमीवर.' त्या सहाव्या खड्ड्याला सरासरीत बुडवू नका.

आणि नमुने पाठवताना एक काळजी घ्या. प्रयोगशाळा माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढते, वर राहिलेले कंकराचे खडे फेकून देते, आणि उरलेल्या मातीतला चुना मोजते. आकडा कमी येतो आणि चुन्याचा थर कागदावरून गायब होतो. म्हणून खडे किती आहेत ते खड्ड्याच्या भिंतीवरच आकारमानाने लिहून ठेवा, पाच टक्के जरी असले तरी, आणि चाळणीवरचे खडे वेगळ्या पिशवीत तोलून परत मागा.